नायजर ते मिसिसिपी: पश्चिम आफ्रिकेचे तंतुवादन आणि अमेरिकेचा ब्लूज

ब्लूज ही अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्या शतकाचा आरंभ या काळात, कृष्णवर्णीय शेतमजुरांनी घडवलेली गानशैली होय. आणि पुढे जॅझपासून रॉक अँड रोलपर्यंतच्या लोकप्रिय संगीताला जे वळण लागले, त्यात तिचा वाटा फार मोठा आहे. या शैलीची मुळे आफ्रिकेत आहेत हे विधान आता इतके रूढ झाले आहे की ते नेमके काय सांगते, याची विचारणा सहसा होत नाही. आफ्रिकेत हजारांहून अधिक भाषा बोलल्या जातात आणि तेथील संगीतपरंपराही एकमेकींपासून तितक्याच भिन्न आहेत. शिवाय ज्या गिटारीवर ब्लूज वाजवला जातो ती आफ्रिकेत जन्मलेली नाही, तेथे ती युरोपीय जहाजांतून आणि व्यापारी बंदरांतून पोहोचली. म्हणून कोणत्या प्रदेशातून, कोणत्या माणसांबरोबर आणि वादनाच्या व गायनाच्या कोणत्या सवयींच्या रूपाने काय अटलांटिकपार गेले, आणि विसाव्या शतकात उलट दिशेने काय परत आले, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारावे लागतात. तसे केले म्हणजे हे नाते सरळ वंशावळीपेक्षा अधिक गुंतागुंतीचे आणि दोन्हीकडच्या कलावंतांना अधिक न्याय देणारे दिसू लागते.

पश्चिम आफ्रिकेचा नकाशा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाचला, तर संगीताचे दोन मोठे पट्टे नजरेस येतात. गिनीच्या आखातालगतच्या अरण्यप्रदेशात, म्हणजे आजच्या घाना, बेनिन आणि नायजेरिया या देशांच्या दक्षिण भागांत, झाडांच्या खोडांतून कोरलेले मोठे ढोल आणि अनेक तालांची एकाच वेळी होणारी गुंफण हे संगीताचे प्रधान अंग राहिले. त्याच्या उत्तरेला गवताळ माळरान आहे आणि त्याहीपलीकडे, सहाराच्या कडेने सेनेगलपासून चाडपर्यंत, साहेल या नावाने ओळखला जाणारा निमशुष्क पट्टा पसरला आहे. येथे मोठे लाकूड दुर्मीळ, मात्र भोपळा, कातडे आणि घोड्याचे केस ही सामग्री हाताशी होती. त्यामुळे आणि सहारापारच्या व्यापारातून अरब-बर्बर जगाशी आलेल्या दीर्घ संबंधामुळे या पट्ट्यात तंतुवाद्यांना विशेष महत्त्व आले. होडीच्या आकाराचे लाकडी पात्र, त्यावर मढवलेले कातडे, पडदे नसलेली गोल दांडी आणि मोजक्या तारा असे एक वाद्य या साऱ्या प्रदेशात वेगवेगळ्या नावांनी आढळते: बामाना लोक त्याला न्गोनी म्हणतात, वोलोफ खलाम, फुलानी होद्दू, तर तुआरेग तेहार्देन्त. इब्न बतूता हा प्रवासी १३५२-५३ मध्ये मालीच्या साम्राज्यात आला, तेव्हा सुलतान मन्सा सुलेमान यांच्यापुढे सोन्याचांदीची तंतुवाद्ये घेतलेले गायक चालत असल्याचे त्याने नोंदवले आहे. यावरून दरबारी तंतुवादनाची परंपरा निदान चौदाव्या शतकापर्यंत मागे नेता येते.

ही परंपरा सांभाळणाऱ्यांना मांदे भाषांमध्ये जेली म्हणतात आणि युरोपीय लेखनात त्यांच्यासाठी ग्रिओ हा शब्द रूढ आहे. राजवंशांचा इतिहास मुखोद्गत ठेवणे, दात्यांची स्तुती करणे, तंटे मिटवणे आणि लग्न-बारशांत गाणे ही या घराण्यांची वंशपरंपरेने चालत आलेली कामे होती. त्यांच्या वादनाची रचना दोन घटकांवर उभी असते: एक लहानसा स्वरसमूह पुन्हापुन्हा फिरत राहतो आणि त्या आवर्तनाच्या आधाराने गायक आपले कथन पुढे नेतो; मधूनच वादक त्या आवर्तनातून बाहेर पडून वेगवान, उतरत्या स्वरपंक्ती वाजवतो. एकवीस तारांच्या कोरा या वाद्याच्या वादकांनी यांपैकी पहिल्याला कुंबेंगो आणि दुसऱ्याला बिरिमिंतिंगो अशी नावे दिली आहेत. येथे सुरावट एका स्वरसंगतीतून दुसरीत जात नाही. एक आधारस्वर सतत जाणवत राहतो, आणि न्गोनीवरील आखूड तारा सतारीच्या चिकारीप्रमाणे तो मधूनमधून जागा करतात.

या विशाल प्रदेशाची स्वरव्यवस्था मात्र एकसारखी नाही, आणि ब्लूजच्या संदर्भात हा भेद निर्णायक ठरतो. मांदे जेलींचे कोरावादन बहुधा सप्तस्वरी असते. सेगू भागातील बामाना, दक्षिण मालीतील वासुलू प्रदेशातील शिकाऱ्यांचे गायक आणि नायजर नदीच्या मोठ्या वळणाकाठचे सोंघाय व तुआरेग यांचे संगीत मुख्यतः पंचस्वरी आहे. त्यात गायकाचा आवाज ताणलेला, किंचित घोगरा आणि एकाच अक्षरावर अनेक स्वर लाटेसारखे घेणारा असतो. कोराच्या झुळझुळत्या वादनात ज्याला ब्लूजचा शोध घ्यायचा आहे, त्याच्या पदरी बरीचशी निराशा येते. सेगू किंवा नायजरकाठच्या नियाफुंके येथील वादन ऐकणाऱ्याला मात्र ओळखीच्या खुणा लगेच पटतात.

या खुणा अटलांटिकपार कशा पोहोचल्या याचे उत्तर गुलामांच्या व्यापाराच्या भूगोलात आहे. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी स्त्री-पुरुषांना जहाजांत कोंबून अमेरिका खंडांकडे नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे एक कोटी सात लाख जिवंत पोहोचले आणि आजच्या संयुक्त संस्थानांच्या भूमीवर थेट उतरवलेल्यांची संख्या सुमारे चार लाख होती. संपूर्ण व्यापारात सेनेगल आणि गांबिया या नद्यांच्या प्रदेशाचा, म्हणजे सेनेगांबियाचा, वाटा लहान होता. उत्तर अमेरिकेत आणलेल्यांमध्ये मात्र जवळपास चौथा हिस्सा तेथील होता. साउथ कॅरोलायनाच्या मळेवाल्यांना भातशेतीचे ज्ञान असलेले गांबियाकाठचे लोक हवे असत. फ्रेंच वसाहत असलेल्या लुइझियानात १७१९ ते १७३१ या काळात आलेल्या आफ्रिकी कैद्यांपैकी बहुसंख्य सेनेगांबियाचे होते, हे ग्वेंडोलिन मिड्लो हॉल या इतिहासकार विदुषीने १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले. आजच्या गिनीतील फुता जालोन या राज्याच्या शासकाचे पुत्र अब्दुर्रहमान इब्राहीम हे १७८८ मध्ये युद्धात पकडले गेले, मिसिसिपी नदीकाठच्या नाचेझ येथे विकले गेले आणि तेथील मळ्यावर सुमारे चाळीस वर्षे राबल्यानंतर १८२८ मध्ये मुक्त झाले. ब्लूजच्या भूमीत साहेलच्या नागर, साक्षर संस्कृतीतील माणसे वावरत होती, याचा हा नोंदींनी सिद्ध झालेला पुरावा होय.

तरीही या माणसांबरोबर त्यांची वाद्ये आली नाहीत. जहाजाच्या तळघरात साखळदंडाने बांधलेल्या कैद्याला न्गोनी बरोबर नेता येत नव्हती. आला तो हातांना झालेला सराव आणि कानांना लागलेले वळण. नव्या भूमीवर या सरावाला कोठे वाव मिळेल हे मालकांच्या भीतीने ठरवले. सप्टेंबर १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी ढोल वाजवत उठाव केला, तेव्हा ढोलाचा उपयोग संदेश पोहोचवण्यासाठी होऊ शकतो या धास्तीने तेथील विधिमंडळाने १७४० च्या कायद्यात ढोल आणि शिंगे वापरण्यास बंदी घातली. क्यूबा, हैती किंवा ब्राझील येथे आफ्रिकी ढोल धर्मविधींच्या आश्रयाने टिकला. उत्तर अमेरिकेच्या बहुतांश मळ्यांवर तो मागे पडला, आणि त्याच वेळी मालकांच्या नृत्यप्रसंगी फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्या गुलामाला किंमत येऊ लागली. अशा रीतीने अरण्यप्रदेशातून आलेल्यांच्या मुख्य वाद्यावर आघात झाला, तर साहेलमधून आलेल्यांच्या तंतुवादनाला टिकून राहण्याइतकी फट मिळाली.

या फटीतून उगवलेले पहिले वाद्य बँजो होय. गांबिया नदीवरून प्रवास केलेल्या रिचर्ड जॉब्सन या इंग्रज व्यापाऱ्याने १६२३ मध्ये छापलेल्या वृत्तांतात भोपळ्याच्या तंतुवाद्याचे वर्णन केले आहे, आणि हान्स स्लोन यांनी जमैकात १६८० च्या दशकात पाहिलेल्या तशाच वाद्यांची चित्रे १७०७ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या ग्रंथात टॉमस जेफरसन यांनीही हे कृष्णवर्णीयांचे स्वतःचे वाद्य असून ते आफ्रिकेतून आल्याचे नमूद केले. सन २००० च्या सुमारास गांबियाचे डॅनियल जट्टा यांनी जोला समाजाचे अकोंतिंग हे वाद्य अमेरिकेतील बँजोच्या अभ्यासकांपुढे ठेवले. भोपळ्याचे अंग, लांब दांडी आणि अंगठ्याने वाजणारी एक आखूड तार ही त्याची रचना होती. तर्जनी किंवा मध्यमेच्या नखाने तारेवर खाली आघात करायचा आणि लगेच अंगठ्याने आखूड तार छेडायची हे त्याचे तंत्र बँजोच्या सर्वांत जुन्या पद्धतीशी इतके जुळते की त्याला योगायोग म्हणणे कठीण आहे. तथापि बँजो ही कोणत्याही एका आफ्रिकी वाद्याची प्रतिकृती नव्हे. वेगवेगळ्या प्रदेशांतून आलेल्या माणसांनी, आठवणी एकत्र करून, युरोपीय वाद्यांची सपाट दांडी आणि खुंट्या उसन्या घेत ते कॅरिबियन बेटांवर आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर घडवले. पुढे ब्लूजच्या बाबतीत घडले त्याचीच ही पूर्वतयारी होती.

ब्लूजचा जन्म गुलामीच्या काळात झाला नाही, ही गोष्ट वारंवार विसरली जाते. मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधील पूरमैदान, ज्याला मिसिसिपी डेल्टा म्हणतात, ते १८६५ नंतर मोठ्या प्रमाणावर जंगलतोड करून लागवडीखाली आले. मुक्त झालेले कृष्णवर्णीय तेथे अर्धेलीने कापूस पिकवू लागले. जमीन, बियाणे आणि दुकानातील उधारी मालकाची असल्यामुळे हंगामाअखेरीस हिशेब झाला की हातात बहुधा कर्जच उरत असे. १८९० पासून राज्याच्या नव्या संविधानाने त्यांचा मताधिकारही व्यवहारात हिरावून घेतला. मात्र गुलामीत नसलेली एक गोष्ट आता होती, ती म्हणजे एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर, पूरबांधाच्या कामावरून लाकूडतोडीच्या छावणीवर जाण्याची मोकळीक. गुलामीतील श्रमगीते समूहाची होती. एकट्याने नांगर धरणाऱ्या किंवा खेचरे हाकणाऱ्या मजुराची लांब, आलापासारखी हाक, ज्याला फील्ड हॉलर म्हणतात, ती आता एका व्यक्तीच्या सुखदुःखाचे गाणे होऊ लागली. टपालाने वस्तू पाठवणाऱ्या व्यापारी कंपन्यांमुळे याच सुमारास स्वस्त गिटार मजुराच्या आवाक्यात आली. बँजोच्या तुटक आवाजापेक्षा गिटारीचा स्वर अधिक काळ टिकणारा होता आणि मानवी आवाजाला तो उत्तर देऊ शकत होता, म्हणून या नव्या एकल गाण्याला ती अनुरूप ठरली.

या गाण्याची रूढ घडण बारा मात्राखंडांची आहे: पहिली ओळ, तिचीच पुनरावृत्ती आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी ओळ, आणि त्यांच्याखाली षड्ज, मध्यम व पंचम यांवर उभारलेल्या तीन स्वरसंगती. या स्वरसंगती युरोपीय आहेत. कृष्णवर्णीयांनी त्या चर्चच्या भजनांतून आणि नृत्यसंगीतातून आत्मसात केल्या. त्यांच्यावर तरंगणारी सुरावट मात्र वेगळ्या शिस्तीची आहे. तिच्यातील गंधार कोमल आणि शुद्ध यांच्यामध्ये कोठेतरी लागतो, निषादही तसाच हलता असतो, आणि बोटाने तार खेचून किंवा मींडेने त्या जागा घेतल्या जातात. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात त्यांना ब्लू नोट म्हणतात. पियानोच्या पट्ट्यांवर न सापडणारे हे स्वर पंचस्वरी परंपरेत वाढलेल्या गळ्यांनी युरोपीय स्वरसंगतींशी केलेल्या तडजोडीतून स्थिर झाले, असे ऑस्ट्रियाचे संगीतशास्त्रज्ञ गेर्हार्ड कुबिक यांचे प्रतिपादन आहे. मिसिसिपीच्या टेकड्यांच्या भागातील फ्रेड मॅकडॉवेल, आर. एल. बर्नसाइड यांच्यासारख्या वादकांनी तर या स्वरसंगती बव्हंशी बाजूला ठेवून एकाच आधारस्वरावर फिरणारे आवर्तन कायम राखले. साहेलच्या परंपरेशी त्यांचे वादन सर्वांत जवळचे वाटते, ते यामुळेच.

मींडेचा धागा मात्र एकट्या साहेलकडे जात नाही. मिसिसिपीमधील मुले घराच्या भिंतीवर खिळ्यांनी तार ठोकून, तिच्याखाली बाटली सारून आणि दुसऱ्या बाटलीने ती घासत एकतारी वाद्य वाजवत. डिडली बो या नावाने ते प्रसिद्ध आहे आणि तारेवर काच किंवा धातू सरकवत वाजवण्याची अनेक ब्लूज वादकांची सुरुवात तेथेच झाली. कुबिक यांनी या वाद्याचा संबंध मध्य आफ्रिकेतील एकतारी वाद्याशी जोडला, कारण तेथेही तारेवर वस्तू सरकवून स्वर बदलला जातो. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने १९४१ च्या आत्मचरित्रात, मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर १९०३ च्या सुमारास गिटारीच्या तारांवर सुरी दाबून वाजवणारा एक माणूस ऐकल्याचे नोंदवले आहे, आणि त्याने त्या वादनाची तुलना हवाईयन वादकांच्या पद्धतीशी केली आहे. हवाईयन गिटारीची लाट १९१५ नंतर साऱ्या अमेरिकेत पसरली, तेव्हा हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले असणे स्वाभाविक आहे. सेनेगांबिया, काँगो खोरे, ब्रिटिश लोकगीत आणि पॅसिफिक बेटे यांच्याकडून जे आले ते सारे ब्लूजने पचवले, आणि म्हणूनच त्याला कोणत्याही एका आफ्रिकी शैलीचे अमेरिकी रूप म्हणता येत नाही.

या नात्याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. ब्रिटिश संशोधक पॉल ऑलिव्हर यांनी १९६४ मध्ये घानात वास्तव्य केले, देशाच्या उत्तर भागातील गायक-वादक ऐकले आणि १९७० मध्ये ‘सव्हाना सिंकोपेटर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध करून ब्लूजचे आप्त शोधायचे तर अरण्यातील ढोलांऐवजी माळरानावरील तंतुवाद्यांकडे पाहावे, असा मुद्दा मांडला. अमेरिकी अभ्यासक सॅम्युएल चार्टर्स हे जेलींच्या गायनात ब्लूजचे मूळ सापडेल या अपेक्षेने गांबियात गेले. १९८१ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी काढलेला निष्कर्ष वेगळा होता. अनेक घटक ओळखीचे असले तरी ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतील नव्या जीवनातून निर्माण झालेले नवे गाणे आहे, असे त्यांना आढळले. कुबिक यांनी १९९९ मध्ये ‘आफ्रिका अँड द ब्लूज’ या ग्रंथात ही चर्चा अधिक काटेकोर केली. त्यांच्या पुराव्यांत व्यावसायिक जेलींपेक्षा सामान्य माणसाच्या गाण्याला महत्त्व आहे. १९६४ मध्ये कॅमेरूनमध्ये दळण दळता दळता आपली व्यथा गाणाऱ्या टिकार समाजातील एका स्त्रीचे ध्वनिमुद्रण त्यांनी केले होते, आणि त्यात त्यांना ब्लूज गायनाची अनेक लक्षणे दिसली. जात्यावरच्या ओवीशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला या निरीक्षणाचे मर्म सहज उमगेल: श्रमाची लय, एकटेपण आणि स्वतःशीच केलेले बोलणे यांतून जन्मणारे गाणे दरबारी स्तुतिगीताहून मुळातच निराळे असते. सिल्व्हियान दियूफ यांनी १९९८ मध्ये पश्चिम आफ्रिकी मुस्लिम गुलामांच्या इतिहासात या चर्चेला आणखी एक बाजू जोडली. अजान आणि कुराणपठण यांतील दीर्घ, लहरता स्वरोच्चार शेतमजुरांच्या हाकेत उतरला असावा, हा त्यांचा तर्क साहेलमधील इस्लामी संस्कृतीचा विचार करता पटण्याजोगा आहे.

अटलांटिकवरील ही वाहतूक एकमार्गी राहिली नाही. १८०० मध्ये जमैकातील मरून, म्हणजे मळ्यांवरून निसटून डोंगरांत स्वतंत्रपणे राहिलेल्या गुलामांचे वंशज, सिएरा लिओनमधील फ्रीटाउनला आणले गेले आणि त्यांच्याबरोबर आलेला गुंबे हा चौकोनी ढोल पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. गिटारीचा प्रसारही किनाऱ्यानेच झाला. युरोपीय जहाजांवर काम करणाऱ्या लायबेरियाच्या क्रू खलाशांनी अंगठा आणि तर्जनी या दोनच बोटांनी गिटार वाजवण्याची एक पद्धत सिद्ध केली. बंदरांतील ताडीच्या गुत्त्यांत ती ऐकू येई, म्हणून या संगीताला पाम-वाइन हे नाव पडले. क्वामे असारे यांच्या कुमासी ट्रिओने १९२८ मध्ये लंडनला जाऊन केलेली ध्वनिमुद्रणे हा या शैलीचा आरंभीचा ठेवा आहे, आणि त्यांतील ‘या आम्पोन्साह’ ही चाल घानातील हायलाइफ या लोकप्रिय नृत्यसंगीताचा पाया ठरली. १९३३ पासून क्यूबन संगीताच्या तबकड्या पश्चिम आफ्रिकेत विकल्या जाऊ लागल्या; त्यांतील ताल मुळात आफ्रिकेतूनच गेलेले असल्यामुळे श्रोत्यांनी त्यांना परके मानले नाही.

गिटार साहेलच्या जुन्या परंपरेच्या हाती पडली तेव्हा तिचे रूप पालटले. मांदे वादकांनी न्गोनीची आवर्तने आणि उतरत्या स्वरपंक्ती तिच्या तारांवर उतरवल्या. स्वरसंगती धरण्यासाठी घडलेल्या वाद्यातून त्यांनी एकल स्वरांचा अखंड प्रवाह काढला. १९५८ मध्ये गिनी आणि १९६० मध्ये माली स्वतंत्र झाल्यावर सरकारांनी वाद्यवृंद पोसले, त्यांच्या स्पर्धा भरवल्या आणि परदेशी नकलांऐवजी देशी चाली बसवण्याचा आग्रह धरला. गिनीचा बेंबेया जाझ आणि त्यातील सेकू दियाबाते, तसेच १९७० मध्ये मालीची राजधानी बामाको येथील रेल्वे स्थानकावरील उपाहारगृहात सुरू झालेला रेल बँड आणि त्यातील जेलीमादी तुंकारा यांच्या वादनात हा मिलाफ परिपक्व झालेला दिसतो. ही आधुनिक राष्ट्रांच्या शहरांत, विद्युत ध्वनिवर्धकांसह घडलेली कला होती. तिला प्राचीन काळाचा जिवंत अवशेष समजणे म्हणजे या कलावंतांची बुद्धी आणि काळाचे भान नाकारणे होय.

ब्लूजशी असलेल्या नात्याची चर्चा ज्यांच्या नावाभोवती सर्वाधिक झाली, ते अली फार्का तुरे हे या इतिहासाचे मर्म समजून घेण्यासाठी सर्वांत योग्य उदाहरण आहे. १९३९ मध्ये जन्मलेले आणि नायजरकाठच्या नियाफुंके गावात वाढलेले तुरे जेली घराण्यातले नव्हते. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी बालपणी जेरकेल हे एकतारी वाद्य आणि न्जार्का हे एकतारी व्हायोलिन आत्मसात केले. १९५६ मध्ये गिनीचे केइता फोदेबा यांचे वादन ऐकल्यावर ते गिटारीकडे वळले आणि एकतारी वाद्याचे तंत्र त्यांनी तिच्यावर आणले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बामाकोत त्यांनी मिसिसिपीत वाढलेल्या जॉन ली हूकर यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या, आणि हे संगीत आपल्याच प्रदेशातील सोंघाय व तुआरेग गाण्यांतून निघाले असले पाहिजे, अशी त्यांची पहिली प्रतिक्रिया झाली. एकाच आधारस्वरावर पाय ठोकत, मात्रांचे बंधन सैल ठेवून गाणाऱ्या हूकर यांची शैली या तुलनेला विशेष जवळची होती. १९७० नंतर तुरे यांनी मालीच्या राष्ट्रीय नभोवाणीवर ध्वनितंत्रज्ञ म्हणून दशकभर काम केले. १९८७ मध्ये लंडनमधून प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेने त्यांचे नाव युरोपभर पोहोचले, आणि राय कूडर या अमेरिकी गिटारवादकाबरोबर १९९४ मध्ये केलेल्या ‘टॉकिंग तिंबक्तू’ या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. याच कूडर यांनी आदल्या वर्षी मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट यांच्यासह केलेली ध्वनिमुद्रिका भारतीय रसिकांना परिचित आहे. तुरे मात्र स्वतःला ब्लूजवादक म्हणवून घेण्यास शेवटपर्यंत तयार नव्हते. सोंघाय, फुलानी, तुआरेगांची तामाशेक आणि बामाना लोकांची बांबारा या भाषांतून ते गात राहिले, नियाफुंकेला परतून शेती केली, २००४ मध्ये तेथील महापौर झाले आणि २००६ मध्ये निवर्तले.

तुरे आणि हूकर यांच्यातील साम्याचे दोन थर वेगळे ओळखता येतात. पंचस्वरी सुरावट, फिरते आवर्तन, आधारस्वराची घट्ट पकड आणि ताणलेला, लहरता आवाज हा पहिला थर जुना आहे. त्याची साक्ष तुरे यांच्या आधीच्या, अमेरिकी तबकडी कधीही न ऐकलेल्या ग्रामीण वादकांच्या संगीतात मिळते. गिटारीचा विद्युत ध्वनी, काही स्वरपंक्तींची ठेवण आणि पाश्चात्त्य श्रोत्याला ओळखीची वाटणारी मांडणी हा दुसरा थर विसाव्या शतकातील परिचयाचा आहे. उत्तर मालीतील तुआरेग तरुणांच्या बाबतीत हा दुसरा थर आणखी ठळक होतो. दुष्काळ आणि राज्याची दडपशाही यांमुळे विस्थापित झालेल्या अशा तरुणांनी १९७९ च्या सुमारास अल्जीरियातील तामनरासेत येथे तिनारिवेन हा गट उभा केला. लिबियातील लष्करी छावण्यांत राहिलेले आणि १९९० च्या बंडात उतरलेले हे गायक तेहार्देन्तच्या आवर्तनांबरोबरच तुरे, मोरोक्कोतील लोकप्रिय गट आणि जिमी हेंड्रिक्स यांच्या वादनातूनही शिकले, आणि त्यांच्या ध्वनिफिती हस्ते परहस्ते वाळवंटभर फिरल्या. त्यांच्या गाण्यांना बाजाराने डेझर्ट ब्लूज हे लेबल लावले. त्यामुळे जगभरचा श्रोतृवर्ग मिळाला हे खरे. परंतु त्या गाण्यांतील निर्वासन, पाण्याचा प्रश्न आणि स्वाभिमान हे विषय ऐकणाऱ्याच्या लक्षात क्वचितच राहिले. २०१२ मध्ये सशस्त्र जिहादी गटांनी उत्तर माली ताब्यात घेऊन संगीतावर बंदी घातली आणि अनेक कलावंतांना गाव सोडावे लागले, तेव्हा या संगीताचे खरे वजन त्याच्या अमेरिकी आप्तांमुळे ठरत नाही, ते स्वतःच्या समाजाच्या जगण्याशी बांधलेले आहे, हे सर्वांना दिसले.

या साऱ्या इतिहासावरून नात्याचे स्वरूप पुरेसे स्पष्ट होते. अटलांटिकपार गेले ते तार छेडण्याचे आणि आवाज लावण्याचे वळण. एकही पूर्ण गाणे किंवा एकही वाद्य जसेच्या तसे गेले नाही, आणि हे वळण देखील एका जमातीचे नव्हते. त्यातून ब्लूज घडवला तो मिसिसिपी, टेक्सास आणि जॉर्जियातील अशा माणसांनी, ज्यांच्याकडून जमीन, मत आणि पूर्वजांची नावेही हिरावून घेतली गेली होती. त्यांच्या निर्मितीला केवळ आफ्रिकी वारसा म्हणणे म्हणजे त्यांचे कर्तृत्व कमी लेखणे होय. त्याचप्रमाणे माली, गिनी आणि नायजर येथील गिटारवादकांना ब्लूजचे पूर्वज ठरवणे म्हणजे हूकर यांचे समकालीन असलेल्या या कलावंतांना भूतकाळात ढकलणे होय. दोन्ही बाजूंनी एकच जुनी शिस्त आपापल्या संकटांत आणि आपापल्या गरजांनुसार नव्याने घडवली, आणि तबकड्यांच्या युगात पुन्हा भेट झाली तेव्हा त्यांनी एकमेकांना ओळखले. गुलामांच्या व्यापाराने जे नाते तोडण्याचा प्रयत्न केला, ते वादकांनी स्वतःच्या श्रमाने पुन्हा जोडले. म्हणून त्या नात्याचा अभ्यास करणाऱ्यावर मूळ आणि शाखा यांची क्रमवारी लावण्यापेक्षा दोन्ही किनाऱ्यांवरील कलावंतांची नावे, त्यांची भूमी आणि त्यांची स्वतंत्र निर्मिती यांची नीट नोंद ठेवण्याची जबाबदारी येते.